विचारायला माणूस

मला हल्ली लोक सल्ला विचारतात. गावात राहून, एकट्यानं प्रोग्रामिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? कुणाच्या भाच्याचा फोन येतो, कुणाच्या सुनेचा. कामात असले तरी मी फोन घेते. पण बोलणं सुरू होऊन जरा वेळ जात नाही तोच माझा आवाज चढायला लागतो. समोरच्याला भाषेचं नाव हवं असतं, कोर्सची लिंक हवी असते. दोन्ही मी देते. पण माणूस अडतो तो भलत्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाला लिंक नसते, हे काही फोनवर सांगून होत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

माझं माहेर सांगलीचं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन तासगावच्या बाजूला एका खेड्यात आले. सासरी द्राक्षबाग. नवरा फौजेत, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. घरी सासू, सासरे, मी आणि लेक. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. या दोघांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत सासरची माणसं आडवी आली असं ऐकायची लोकांना सवय झालीय. माझ्या वाटेत कुणीच आडवं आलं नाही. सगळे बाजूला उभे राहून कौतुकानं बघत होते, आणि मी नेमकं काय करतेय ते त्यांतल्या एकालाही कळत नव्हतं. तक्रार करायची तर कुणाची करणार?

लेक अंगणवाडीत जायला लागली त्या वर्षी नवऱ्यानं सुट्टीवर येताना एक जुना लॅपटॉप आणला. मीच म्हणाले होते, घरी बसून काहीतरी शिकेन म्हणून. काय शिकायचं ते माझंही ठरलं नव्हतं. कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात नोकरी करायची, तिला विचारलं. ती म्हणाली, "पायथन शिक. सोपं असतं."

त्या 'सोपं असतं'नं माझं फार नुकसान केलं. जे सोपं आहे तेच आपल्याला येत नाही, म्हणजे आपण ढ, असं मी मनाशी पक्कं करून बसले.

घरात रेंज नव्हती. रेंज यायची ती माळावरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. द्राक्षं वाळवायला शेडमध्ये जाळ्यांचे मजले केलेले असतात. हंगाम सोडला तर ते सगळं रिकामंच. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, की लॅपटॉप कापडी पिशवीत घालून मी तिकडं जायचे. एका जाळीवर फळी टाकली की झालं टेबल. उन्हाळ्यात वरचा पत्रा इतका तापायचा की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा आणि मग तो आपोआप बंद पडायचा. हंगामात बेदाणा निवडायला बायका यायच्या. माझ्यासाठी कोपरा सोडायच्या, मला मूठभर बेदाणा द्यायच्या, आणि त्यांतली एक म्हातारी रोज न चुकता विचारायची, "आज तरी लागली का गं नोकरी?"

"नाही ओ आजी. शिकतेय अजून."

"शीक, शीक," म्हणून ती परत जाळीकडं वळायची. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. पण रोज उत्तर तेच द्यायचं म्हटल्यावर मला त्या म्हातारीची भीती वाटायला लागली.

सुरुवातीचे कितीतरी दिवस मी नुसते व्हिडिओ बघितले. सांगणारा हिंदीत बोलायचा, मधेच इंग्रजीत शिरायचा, पण समजायचं. तो ओळ लिहायचा, चालवायचा, उत्तर यायचं. मी मान डोलवायचे. व्हिडिओ बंद करून कोरी खिडकी उघडली की मला एक ओळ सुचायची नाही. वाटायचं, अजून एक व्हिडिओ बघितला की सुचेल. असं करत करत मी दोन अख्खे कोर्स बघून संपवले आणि हाताला काहीही लागलं नव्हतं. एवढं तरी ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐकावं: तासभर व्हिडिओ बघण्यापेक्षा पाच चुकीच्या ओळी स्वतः लिहिलेल्या बऱ्या. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही कुणास ठाऊक. बघत बसण्यात एक सुख असतं. चूक होत नाही.

शेवटी मी स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलं. आमच्या आत्यांचा रोज सकाळचा एकच प्रश्न असायचा, आज भाजी काय करायची? मी म्हटलं, भाज्यांची नावं कॉम्प्युटरला देऊ आणि त्यालाच एक निवडायला लावू. पायथनमध्ये रँडम नावाचं एक तयार अवजार असतं. ते मागवून घ्यायचं आणि त्याला सांगायचं, यातलं कुठलंही एक उचल. व्हिडिओत तो मास्तर असंच करत होता. मी वांगं, गवारी, मेथी, शेवगा असं सगळं लिहिलं, रँडमला बोलावलं, चालवलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. रँडममध्ये निवडायचं असं काही नाहीच, अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं होतं.

मी व्हिडिओ लावून ओळ ताडून बघितली. अक्षर न् अक्षर तेच. पुन्हा लिहिली. तेच लाल. त्याचं चालतं, माझं चालत नाही, आणि दोघांचं लिहिलेलं सारखं. त्या दिवशी मी घरी येऊन भाकरी थापताना दोनदा मोडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भाज्या कमी करून बघितल्या, इंग्रजीत लिहून बघितल्या. मला वाटायला लागलं, माझ्या लॅपटॉपमध्येच ते अवजार अर्धवट आलंय. मग वाटलं, मराठी भाज्या आहेत म्हणून असेल. आता हसू येतं, पण तेव्हा मी खरंच असा विचार करत होते, कारण विचार करून बघायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

एका दुपारी मामा शेडमध्ये आले तेव्हा मी रडत होते. त्यांना बघून डोळे पुसले, पण त्यांनी बघितलं होतं.

"काय झालं गं? मशीन बिघाडलंय व्हय?"

"नाही मामा. चालत नाही ते."

"न्हाई चालत म्हंजी बिघाडलंच की."

काय सांगणार? मशीन चांगलं आहे आणि बिघाड माझ्यात आहे, असं?

दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन लसीकरणाला गेले होते. परत आले तर लॅपटॉप जागेवर नव्हता. मामा औषधं आणायला तासगावला गेले होते, जाताना तो घेऊन गेले होते. संध्याकाळी मोटरसायकलवरून उतरले तेच खुशीत. "दुकानदार म्हनला, लय कचरा साठला हुता. सगळा साफ करून दिलाय. आता एकदम नव्यासारका झालाय बघ."

मी उघडून बघितला. दुकानदारानं सगळं पुसून टाकलं होतं. माझे सगळे लहानमोठे प्रोग्राम गेले. पहिल्यांदा स्वतःचं नाव छापलेला तो, पाढे लिहिणारा तो, सगळे. त्यांत काही ग्रेट होतं असं नाही. पण तेवढंच माझं होतं.

मामा माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मी म्हणाले, "बरं केलंत मामा. आता चालेल." दुसरं काय म्हणणार होते? आत जाऊन मी पाण्याची कळशी भरायला घेतली, जी आधीच भरलेली होती.

पायथन पुन्हा उतरवून घेतलं. नेट इतकं मंद की दुपार गेली त्यात. भाज्यांचा प्रोग्राम पुन्हा लिहिला. चालवला. लाल अक्षरं, तीच.

मग मी इंग्रजीत प्रश्न लिहून एका मोठ्या साइटवर टाकला. जगभरातले जाणकार तिथं उत्तरं देतात असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. माझं इंग्रजी कॉलेजच्या पुस्तकापुरतं. चार वेळा खोडून लिहिलं, नमस्कार लिहिला, आभार लिहिले. थोड्या वेळानं उत्तर आलं की हा प्रश्न आधीच विचारून झालेला आहे, विचारण्याआधी नियम वाचावेत. खाली प्रश्नाला कुलूप, म्हणजे आता त्याला कुणी उत्तरही देऊ शकणार नाही. मला ज्या जुन्या प्रश्नाकडं पाठवलं होतं तो वाचला. त्यात दुसरंच काहीतरी चाललेलं दिसत होतं. उत्तर त्यातच असेल, आज वाचलं तर मला दिसेलही. तेव्हा दिसलं नाही. त्या कुलपाचा मला अजून राग आहे. ज्यांना आधीच येतं त्यांनी केलेले नियम असतात ते, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी.

एक मराठी व्हिडिओ होता, फार कुणी बघत नसलेला. त्याच्या खाली मी चिडून लिहिलं, "सगळं बरोबर लिहिलं तरी रँडम चालत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर मी हा नाद सोडते." आणि लॅपटॉप मिटून ठेवला. तो बरेच दिवस उघडलाच नाही. बागेत छाटणी सुरू झाली होती, काम होतं, आणि खरं म्हणजे बरं वाटत होतं.

मग एकदा सहज फोनवर बघितलं तर माझ्या लिहिण्याखाली एका बाईनं विचारलं होतं, "ताई, फाईलचं नाव काय ठेवलंय?"

मी फाईलचं नाव रँडम ठेवलं होतं. रँडमचा प्रोग्राम म्हणून रँडम. दोन्ही वेळेला. कॉम्प्युटर रँडमला शोधायला जायचा, त्याला आधी माझीच फाईल सापडायची, आणि तिच्यात भाज्यांशिवाय दुसरं काही नसायचं. मी नाव बदललं, चालवलं, आणि पडद्यावर आलं: गवारी.

मला आनंद झाला असं लोकांना वाटतं. मला संताप आला. एवढ्याशासाठी? एका नावासाठी माझे इतके दिवस गेले, लॅपटॉप पुसला गेला, मी स्वतःला मूर्ख समजत राहिले. शेजारच्या घरात हे माहीत असलेलं एक माणूस असतं तर चहा प्यायच्या आत काम झालं असतं. शहरातल्या पोरांना हेच मिळतं. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ तेच असतात, पण बाकावर शेजारी कुणीतरी बसलेलं असतं आणि ते म्हणतं, 'ए, नाव बदल की.'

मी त्या बाईला नंबर मागितला. तिचं घर साताऱ्याकडं, मेढ्याच्या वर, जावळीच्या डोंगरातल्या एका वस्तीत. माझ्याच वयाची. तिनं डी.एड. केलं होतं, मास्तरीण व्हायचं म्हणून. भरतीची वाट बघण्यात वर्षं गेली होती. घरी आई, आईला दिसायला कमी झालेलं, आणि दोन म्हशी. मला वाटलं होतं तिला शिकवायला कुणी असेल. तिलाही कुणी नव्हतं. ती हीच चूक करून बसली होती, आणि तिला कारण सापडायला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले होते.

आणि तिच्याकडं लॅपटॉप नव्हता. ती सगळं फोनवर लिहायची. कोपऱ्यात काच तडकलेला फोन, त्याच्यावर अंगठ्यानं कंस, स्वल्पविराम, सगळं. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर रेंज यायची, म्हशी सोडल्या की ती तिथं बसायची.

संध्याकाळी मी शेडमध्ये आणि ती पायरीवर, अशा आम्ही फोनवर बोलायला लागलो. मी अडले की लगेच रडगाणं सुरू करायचे, माझं हे होत नाही, ते होत नाही. ती तोडून म्हणायची, "रडू नगंस. काय लिवलंय त्यानं ते वाचून दाखीव. आख्खी वळ वाच, मधनंच सोडू नगं." मी लाल ओळ मोठ्यानं वाचायचे. कितीतरी वेळा वाचता वाचताच मला चूक दिसायची. तोवर मी त्या लाल अक्षरांकडं कुणी रागावल्यासारखं बघत होते. ती वाचायची असतात हे मला तिनं शिकवलं. आपण काय लिहिलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढ्या तीन गोष्टी सांगता आल्या की निम्मं उत्तर मिळतं. कुणाला विचारायचं असेल तर असं विचारावं.

दिवाळी झाल्यावर आम्ही भेटायचं ठरवलं. ती साताऱ्याहून, मी तासगावहून, दोघींना कराड मधे पडतं. स्टँडवर मी तिला लगेच ओळखलं, कारण ती फोनमध्ये डोकं घालून उभी होती आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. कंस मोजत होती, नंतर कळलं.

आधी आम्ही एका वाचनालयात गेलो. तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं माना खाली घालून बसलेली. आमचं कुजबुजणं ऐकून तिथल्या गृहस्थांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा आले आणि म्हणाले, "ताई, बोलायचं असंल तर भाईर." बाहेर आलो. मग कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन झाडाखाली बसलो, डबे उघडले, लॅपटॉप मधे ठेवला. तिनं कॉलेज सोडल्यापासून लॅपटॉपला हात लावला नव्हता. पान वर सरकवायला ती पडद्यावरच बोट फिरवत होती, मग स्वतःशीच हसायची. पण एकदा हात बसल्यावर तिचा वेग बघण्यासारखा होता. मी ज्याला चार दिवस लावले असते ते तिनं डब्यातली चटणी संपायच्या आत केलं.

तिथंच तिनं तिच्या मनातलं सांगितलं. "आपल्याला ज्या ज्या चुका आल्या त्या मराठीत समजावून सांगणारं कायतरी करू. इंग्रजी लाल वळ त्यात टाकायची, आन् ते सांगंल काय झालंय."

आम्ही ते केलं. हिवाळाभर करत होतो. जोडाजोडी मी करायचे, मराठी वाक्यं तिची. ती बोलते तशीच लिहायची. 'कंस उघडलास, बंद कुणी करायचा?' 'ह्या नावाचं हितं कुणी ऱ्हात न्हाई. स्पेलिंग बघ आदी.' 'आकडा आन् अक्षर, ह्यांची बेरीज करायला लावतीस व्हय?' मी शेडमध्ये कोपऱ्यात बसून ती वाक्यं वाचून एकटीच हसायचे. हंगाम लागल्यावर बेदाण्याच्या बायका माझ्याकडं बघायच्या.

आम्ही ते फुकट ठेवलं, कुणीही वापरावं म्हणून. थोड्याफार लोकांनी वापरलं. एकानं लिहिलं, उपक्रम चांगला आहे पण भाषा गावंढळ आहे, शुद्ध मराठीत करा. मी बदलायला निघाले होते. ती म्हणाली, "न्हाई. ज्याला शुद्ध पायजे त्याला इंग्रजी हाय की." ते तसंच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीची जागा निघाली. घरून काम करायचं, शिकाऊ चालतील. दोघींनी अर्ज केला. लेखी परीक्षा दोघी पास झालो. उत्तरं नंतर ताडून बघितली तर तिची माझ्यापेक्षा सरस होती. मग मुलाखत, व्हिडिओवर, जुलैत.

मी मुलाखतीसाठी माहेरी सांगलीला गेले. भावाच्या घरी तारेचं नेट आहे. वहिनीनं खोलीचं दार लावून घेतलं, टीव्ही बंद केला, पोरांना खाली खेळायला पाठवलं. मी नीट बोलले. फार हुशारीनं नाही, पण माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं.

जावळीत जुलैत काय पाऊस असतो ते तिकडच्यांनाच माहीत. वस्तीवरची वीज गेलेली, टॉवर बंद. ती सकाळी जीपनं मेढ्याला उतरली. एका झेरॉक्सवाल्यानं दुकानाचा कोपरा दिला. त्याचं नेट बरं होतं, पण शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, दुकानात गर्दी, यंत्राचा आवाज, आणि दर थोड्या वेळानं तिचं चित्र अडकायचं. प्रश्न अर्धाच ऐकू यायचा, ती उत्तर द्यायची ते त्यांना अर्धं जायचं. शेवटी समोरच्यानं शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे नेट स्थिर नसेल तर तुम्ही काम कसं करणार?"

तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी भडकले. ती म्हणाली, "अगं, बरोबरच हाय त्याचं. मी त्याच्या जागी असते तर हेच इचारलं असतं."

बरोबर होतं म्हणूनच मला राग आला. चुकीचं असतं तर भांडता आलं असतं.

मला घेतलं. तिला नाही. कामाला लागल्यावर मी माझ्या वरच्या साहेबांशी बोलले. तिची परीक्षा बघा म्हटलं, आम्ही दोघींनी केलेलं काम दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, बघितलंही. चांगलं आहे म्हणाले. आणि म्हणाले, नेटची अट कंपनीची आहे, माझ्या हातात नाही. मी तिला म्हटलं, सांगलीला माझ्या माहेरी येऊन राहा, दुसरीकडं अर्ज करू. ती म्हणाली, "आन् आईला कुठं ठिवू? आन् मी काय जलमभर तुझ्या माह्यारी ऱ्हाऊ?" मी म्हटलं, थोडे दिवस. ती म्हणाली, "तुझं थोडं कवा संपतंय?" आणि तिनं फोन ठेवला, रेंज गेली म्हणून की कसं ते मी विचारलं नाही.

सुरुवातीचे काही महिने मी लेकीला घेऊन माहेरी राहून काम केलं. त्यानंतर आमच्या गावात फायबरचं नेट आलं. आता मी घरात बसून काम करते. तिच्या वस्तीवर अजून आलेलं नाही. खांब आलेत, वायर यायचीय, असं ती सांगते.

तिनं पुढं जवळच्या एका ग्रामपंचायतीत कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम धरलं. मला कळलं तेव्हा मी तिला नको ते बोलले. म्हटलं, तू दाखले टाइप करायला शिकली होतीस का? ती म्हणाली, "कामाचंच हाय की गं तेबी."

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. साताऱ्याला गाडी बदलून मेढा, तिथून जीप. पंचायतीच्या खोलीत ती एका जुन्या कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि टेबलाभोवती माणसं. एकाला जन्माचा दाखला हवा, एकाला रहिवासी. एका आजोबांचं आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. ते तिच्याशी असे बोलत होते जणू नाव तिनंच बिघडवलंय. ती त्यांना म्हणत होती, "आवं आजोबा, ते तालुक्याला दुरुस्त हुतंय, हितं न्हाई. मी चिठ्ठी लिवून देते, तेवढी दावा तितं." चिठ्ठी लिहिली, वाचून दाखवली, पुन्हा वाचून दाखवली.

मधे जरा मोकळीक मिळाली तेव्हा तिनं मला पडदा दाखवला. तेच नाव, तोच पत्ता, प्रत्येक दाखल्यावर पुन्हा पुन्हा टाइप करावं लागतं. "ह्याला मी दुपारभरात कायतरी लिवलं असतं," ती म्हणाली. "पर ह्याच्यात काय टाकायची परवानगी न्हाई. पासवर्ड वरच्या हापिसात." एवढं सांगून तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

मी बाकावर बसून बघत राहिले. माझ्या कंपनीत माझ्याबरोबर काम करणारे कितीतरी जण आहेत, ज्यांना अडलं की ते मला विचारतात, आणि मी अडले की अजूनही हिला विचारते. आणि ही इथं नावाची स्पेलिंगं जुळवत बसलीय. कुणी तिला अडवलं म्हणावं तर कुणीच अडवलेलं नाही. पाऊस होता, डोंगर होता, आई होती. राग कुणावर काढायचा तेच मला सापडत नाही, आणि मग तो फोन करणाऱ्या पोरापोरींवर निघतो.

संध्याकाळी ती मला जीपपर्यंत सोडायला आली. मी पुन्हा तेच काढलं, अभ्यास चालू ठेव, वायर येईल, अर्ज कर. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू लय घाई करतीस. चालू हाय माझं. तुला सांगत न्हाई म्हंजी बंद हाय असं न्हवं."

"काय चालू आहे?"

"हाय कायतरी."

मी आणखी विचारणार होते, पण पंचायतीच्या दारातून कुणीतरी तिला हाक मारली, प्रिंटर अडकला म्हणून. ती गेली. जीप भरली आणि निघाली. साताऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते.